टायर कोणते आलेत?

नवी सायकल घेतली असं मराठी माणसाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: केवढ्याला पडली? आकडा कळला की, "एवढ्याला? मला आधी बोलला असतात तर!" टायरबुवा या वाटेला जात नाहीत. किंमत, रंग, गिअर किती, दुकान कुठलं, यांतल्या कशातच त्यांना रस नाही. ते एकच विचारतात, "टायर कोणते आलेत?" तुम्ही कुठलंही नाव सांगा, ते डोळे मिटून मान हलवतात आणि म्हणतात, "वाटलंच."

टायरबुवा हे अर्थात त्यांचं खरं नाव नाही. शिवाय ते एकटेही नाहीत. इंग्लंडमध्ये हाउन्सलो, स्लाव, रेडिंग, लीड्स, कुठेही पन्नासेक मराठी घरं झाली की त्यांत एक टायरबुवा निघतोच. आमच्या मिल्टन कीन्समध्ये तर तीन-चार आहेत. सगळ्यांचं मिळून एकच चित्र काढते, म्हणजे प्रत्येकाला ते दुसऱ्याचं वाटेल आणि गणपतीला सगळे पुन्हा हसतमुखानं भेटतील.

मिल्टन कीन्स हे 1967 साली कागदावर आखून वसवायला घेतलेलं गाव. मोटारींना सरळ रस्ते आणि ठिकठिकाणी गोल वळसे. सायकलींना आणि पायी जाणाऱ्यांना तांबड्या डांबराच्या वेगळ्या वाटा, ज्या बहुतेक जागी मोठ्या रस्त्यांच्या खालून किंवा वरून निघून जातात. या 'रेडवे'ची लांबी तीनशे किलोमीटरच्या वर भरते. दाराशी एवढी सोय असताना सायकलीवर न बसता सायकलीविषयी बोलत राहणं याला वेगळंच कर्तृत्व लागतं. बुवांकडे ते आहे.

कुणाकडे नवी सायकल बघायला आले की बुवा आधी चहा घेत नाहीत. थेट शेडपाशी जाऊन उकिडवे बसतात, मागचं चाक उचलून फिरवतात, थांबवतात, आणि टायरच्या कडेवर उठवलेला बारीक मजकूर चष्मा कपाळावर चढवून मोठ्यानं वाचतात. "37-622. हं. वायर बीड. हं." प्रत्येक 'हं'बरोबर सायकलीच्या मालकाचा चेहरा उतरत जातो. मग अंगठ्यानं टायर दाबून निकाल: "सायकल फर्स्ट क्लास आहे हो. टायर तेवढे काढून टाका."

सायकल त्याच सकाळी खोक्यातून निघालेली असते. साच्यातून येताना टायरवर जी रबराची बारीक लव राहते, ती अजून तशीच असते.

पंचाईत अशी की बुवांचं म्हणणं निराधार नसतं. सायकलीचा कारखानदार गिऱ्हाइकाला चौकट दाखवतो, गिअर दाखवतो, ब्रेक दाखवतो. गिऱ्हाईकही दुकानात गिअर खटाखट बदलून बघतं, ब्रेक दाबतं, एका हातानं सायकल उचलून "हलकी आहे" म्हणतं. टायरकडे कुणी बघत नाही. मग ठरलेल्या किमतीत सायकल बसवायची तर हात आखडायला टायरइतकी सोयीची जागा नाही. पुष्कळदा कडेवर नाव मोठ्या कंपनीचंच असतं. पण दुकानात त्याच नावाचा जो टायर पुडक्यात घडी घालून मिळतो, तो हा नसतो. त्याच्या काठात घडी पडू शकणारा चिवट धागा असतो, याच्या काठात पोलादी तार. त्याच्या कापडात इंचाला साठ किंवा त्याहून जास्त धागे, याच्यात बऱ्याचदा तीस. काटे-काचा अडवणारा पट्टा त्याच्या पोटात असतो. याच्या असेलच असं नाही. आणि जमिनीला टेकणारी जागा दोन्ही चाकांची मिळून तळहाताएवढीही भरत नाही. सगळा भार, सगळं वळण, सगळा ब्रेक तेवढ्या जागेवर. म्हणजे सायकलीत पैसे घालून खरोखर फरक कळावा असा एकच भाग सांगा म्हटलं, तर मीसुद्धा टायरच सांगेन.

पण बुवांना फरक कळायला हवा असतो तो सायकलीवर न बसता.

याचं मूळ साताऱ्यात आहे. बुवांचे वडील सरकारी कचेरीत कारकून. घरात एक काळी, अठ्ठावीस इंची, दांडीची सायकल. तिचा टायर बदलणं हा घरातला पंचवार्षिक विषय, आणि तोही दोन-तीनदा तहकूब होणारा. मागचा टायर लवकर झिजतो, कारण वजन बरंचसं मागच्या चाकावर. म्हणून तो गुळगुळीत झाला की पुढे, आणि पुढचा मागे. मग धागे दिसायला लागत. मग एखाद्या दिवशी चिरेतून ट्यूबचा फुगा डोकावे. तरी नवा टायर नाही. सायकलवाला जुन्या टायरचा वीतभर तुकडा कापून आतून बसवून देई. त्याला गेटर म्हणतात. गेटर घातलेलं चाक दर फेऱ्याला एक टप्पा खाई, आणि त्या टप्प्यावर मागे कॅरियरवर बसून बुवा शाळेत जात. पुढे तो टायर खरोखरच संपला की मुलांच्या ताब्यात येई. काठीनं बडवत गल्लीभर पळवायला. त्या घरात टायर कधी टाकलेला बुवांनी पाहिला नाही.

तेच बुवा आज पन्नाशीत, चांगल्या पगारावर, झिजायच्या आतच नाही तर जमिनीला लागायच्या आत टायर बदलायला निघतात. मला हे फार समजण्यासारखं वाटतं. बुवांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, वाटत नाही.

बुवांनी स्वतःची सायकल घेतली ती 'सायकल टू वर्क' योजनेतून. 1999 च्या वित्त कायद्यानं आलेली ही सवलत इथल्या नोकरदारांच्या चांगल्या परिचयाची आहे. कंपनी सायकल विकत घेते आणि तुम्हाला भाड्यानं देते; भाडं पगारातून कर कापण्याच्या आधी वळतं होतं, त्यामुळे कर वाचतो. कर वाचवण्यासाठी मराठी माणूस सायकलसुद्धा चालवेल, हे सरकारनं बरोबर ओळखलं होतं. पण यात एक मेख आहे. भाड्याची मुदत संपेपर्यंत सायकल कायद्यानं कंपनीच्या मालकीची असते. कागद वाचता वाचता बुवा तिथे अडले. दुसऱ्याच्या मालकीच्या सायकलीचे टायर आपण बदलायचे कसे? आणि बदललेच, तर काढलेले टायर कुणाचे?

त्यांनी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला ईमेल लिहिली. सविस्तर. टायरचं माप, धाग्यांची संख्या, प्रस्तावित टायरचं वजन, काढलेले टायर शेडमध्ये कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवण्याची हमी. विभागाचं उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं. तुम्ही सायकलीनं ऑफिसला येता हे वाचून आम्हाला आनंद झाला, एवढंच त्यात होतं.

बुवा येत नव्हते. ऑफिस तीन मैलांवर, वाट अथपासून इतिपर्यंत तांबडी. पण टायरचा निर्णय व्हायचा होता, आणि जे टायर काढायचेच आहेत ते कशाला झिजवा? योजनेची आणखी एक अट आहे: सायकलीचा निम्म्याहून अधिक वापर कामावर जाण्यायेण्यासाठी झाला पाहिजे. बुवांच्या हिशेबात तीही कुठे मोडत नव्हती. एकूण वापर शून्य. त्याच्या निम्मे शून्य.

मग निवड सुरू झाली. ऑनलाइन खरेदीला इथे 14 दिवसांत कारण न देता नाही म्हणता येतं. हा नियम ज्यानं केला त्यानं बुवांना पाहिलं नसावं. टायरच्या जोड्या येत, दिवाणखान्यात सोफ्याच्या पाठीवर मुक्कामाला राहत आणि तेराव्या दिवशी परत जात. श्वाल्बेचा मॅरेथॉन प्लस येऊन गेला. त्याच्या पोटात पाच मिलिमीटर जाडीचा रबराचा थर असतो आणि टाचणी ट्यूबपर्यंत पोचतच नाही. "पण जड आहे." कॉन्टिनेंटलचा गेटरस्किन येऊन गेला. "हलका आहे, पण थोडा अरुंद." मध्यंतरी एक नक्षीचा काळ होता. या देशात पाऊस फार, म्हणून मोटारीसारख्या खोल खाचा असलेले टायर हवेत असं बुवांनी ठरवलं. नंतर शेल्डन ब्राउन या अमेरिकन मेकॅनिकचं लिखाण त्यांच्या हाती लागलं. सायकलचा टायर अरुंद आणि गोल पोटाचा असतो, त्यामुळे माणूस पायांनी गाठू शकेल अशा वेगाला तो पाण्यावर तरंगत घसरत नाही. डांबरी रस्त्यावर खाचांचं काही काम नाही, गुळगुळीत टायरच रस्ता जास्त चांगला धरतो, असं त्या भल्या माणसानं समजावून सांगितलं होतं. बुवांनी नक्षीची जोडी परत केली आणि पुढचे दोन आठवडे महाराष्ट्र मंडळातल्या ज्या ज्या माणसाच्या टायरला खाचा होत्या त्याला गाठून हे सांगितलं. खोकी आणणारा कुरिअरवाला आता बुवांकडे सही घेत नाही. "गोल की चौकोनी?" एवढंच विचारतो. खोकं चौकोनी असलं तर ते वहिनींचं.

साताऱ्याच्या टायरांची गोष्ट याच काळातली. दिवाळीला बुवा घरी गेले. तिथल्या सायकलच्या दुकानात अठ्ठावीस इंची टायरची जोडी इथल्या एका टायरच्या किमतीच्या पाव हिश्शातही मिळत होती. आपल्या चाकावरच्या टायरवरही '28' लिहिलेलं आहे हे बुवांना पक्कं आठवत होतं. त्यांनी जोडी घेतली. तारेचा टायर पिळला की त्याची तीन वेढ्यांची गुंडाळी होते. ती बॅगेत बसवली, आणि मधल्या पोकळीत वहिनींच्या आईनं दिलेला गोडा मसाला, मेतकूट आणि बाकरवड्या. एवढी शास्त्रशुद्ध बॅग त्यांच्या घरात पुन्हा कुणी भरली नाही.

इकडे परत येऊन टायर चाकाला लावला तर तो चाकाभोवती सैल फिरायला लागला. अठ्ठावीस इंच ही एक भानगड आहे. आपल्याकडच्या काळ्या सायकलीचा अठ्ठावीस इंची टायर ज्या रिमवर बसतो तिच्या बैठकीचा व्यास 635 मिलिमीटर. जर्मन कंपन्या आजच्या सायकलींच्या ज्या टायरवर अठ्ठावीस लिहितात त्याचा 622. इंच दोघांचेही अठ्ठावीसच. हा घोळ मिटावा म्हणून तर आयएसओ 5775 हे मानक आहे आणि कडेवर '37-622' असे दोन आकडे असतात: पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमच्या बैठकीचा व्यास. नवा टायर घेताना दुसरा आकडा तोच हवा, पहिल्यात थोडं कमीजास्त चालतं. वाचक बाकी सगळा लेख विसरले तरी एवढं त्यांनी लक्षात ठेवावं. बुवांना ते तेरा मिलिमीटरांनी शिकवलं. त्या दिवसापासून त्यांनी इंच हा शब्द तोंडातून काढलेला नाही. टीव्ही घ्यायला गेले तिथेही सेल्समनला मिलिमीटरमध्ये विचारलं.

ते टायर शेडमध्ये खिळ्याला टांगलेले आहेत. त्यांना गोड्या मसाल्याचा वास येतो.

अखेर एक जोडी ठरली. कुठली ते सांगत नाही. पुढे जे झालं त्यात टायरचा काही दोष नव्हता. दसऱ्याचा मुहूर्त. जुने काढणं पाच मिनिटांत झालं. नवे चढवताना एक काठ बसला, दुसराही बसत आला आणि शेवटची वीतभर उरली ती उरलीच. पोटात पट्टा असलेले टायर नवे असताना भयंकर ताठ असतात. बुवांनी अंगठे लावले. प्लास्टिकचे पाने लावले. त्यांतला एक तुटून फ्रिजखाली गेला. भांडी घासायचं लिक्विड आणलं, ते टायरला लावलं आणि मग हातांना लागलं, आणि मग कशालाच पकड येईना. स्वयंपाकघरात श्रीखंडाचा चक्का टांगलेला, खाली फरशीवर चाक, चाकावर बुवा. वहिनी पुऱ्या लाटायला खोळंबलेल्या. त्या दहा मिनिटं बघत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, समोरची बाजू आत दाबा की. कुकरच्या झाकणात रिंग बसवताना एकीकडे खेचून काय उपयोग? दुसरीकडे सैल सोडावी लागते." आणि त्यांनी पोळपाट बाजूला ठेवून, बसलेला काठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत आणला. तिथे व्यास कमी असतो, म्हणून तेवढी ढील मिळते. शेवटची वीत व्हॉल्व्हपाशी, टप्पकन बसली. चांगले मेकॅनिकही हेच करतात. बुवांनी हे पुढे अनेकांना शिकवलं. कुकरचा उल्लेख मात्र गाळतात.

मग पूजा. हळदकुंकू, झेंडूचं एकच फूल, कारण इथे झेंडू मोजून मिळतो. चाकाखाली लिंबू ठेवलं. आता सायकल लिंबावरून पुढे न्यायची, एवढंच राहिलं. बुवा थांबले. "लिंबात आम्ल असतं. नव्या रबराला..." वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की वाक्य तिथेच संपलं. शेवटी दोघांनी सायकल उचलून लिंबावरून पलीकडे ठेवली. लिंबू वाचलं. त्याचं सरबत झालं.

यानंतरचे बुवा पाहायचे तर गणपतीत पाहावेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं, इकडचं सगळ्यात जुनं. पण आता गावोगावी मंडळं आहेत आणि प्रत्येकाच्या महाप्रसादाला रांग आहे. रांगेतला माणूस पळून जाऊ शकत नाही हे बुवांना ठाऊक असतं. पुढे उभ्या असलेल्याला ते विचारतात, "सायकलचे कंपनीनं दिलेले टायर जगात पहिल्यांदा कुणी बदलले?" आणि उत्तराची वाट बघत नाहीत. "डनलॉप! बेलफास्टचा गुरांचा डॉक्टर. मुलाच्या तीनचाकीला भरीव रबराचे टायर आले होते. ते त्यानं काढले आणि हवेची नळी लावली. 1888 साली पेटंट. आलेत तेच टायर बरे आहेत असं तो म्हणाला असता, तर आज आपण सगळे भरीव रबरावर असतो."

गोष्ट खरी आहे, आणि बुवा सांगतात त्याहून रंगतदार आहे. डनलॉपनं आधी लाकडाच्या चकतीभोवती हवा भरलेली रबरी नळी बांधली आणि ती चकती आणि मुलाच्या तीनचाकीचं चाक अंगणात घरंगळत सोडून पाहिलं. चाक वाटेत थांबलं. चकती टोकाला जाऊन आदळली. पुढच्याच वर्षी विली ह्यूम नावाच्या सायकलपटूनं बेलफास्टच्या शर्यतींत हवेच्या टायरवर बसून बाकीच्यांना मागे टाकलं आणि भरीव टायरचे दिवस भरले. गंमत म्हणजे पेटंट पुढे रद्द झालं. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसानं तीच कल्पना 1845 साली नोंदवून ठेवली होती आणि 1847 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात घोडागाडीला लावून दाखवलीही होती. लोकांना ती आवडली आणि लोक ती विसरले, कारण तेव्हा ती लावायला सायकलीच नव्हत्या.

एका वर्षी हे व्याख्यान चालू असताना वहिनी वरण वाढत होत्या. त्यांनी पळी तशीच हातात धरून विचारलं, "पण त्याचा मुलगा आधी ती सायकल चालवत होता ना?"

चालवत होता. दगडी रस्त्यावर बसणाऱ्या हादऱ्यांतूनच तर सगळं निघालं. बुवांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा वरण घेतलं नाही.

आता आमच्याकडच्या एका मुलाविषयी. पिंपरीहून नुकताच आलेला, आयटीतला, भाड्याच्या खोलीत राहणारा. त्यानं जूनमध्ये सायकल घेतली आणि बुवांनी रीतसर पाहणी करून टायर काढून टाकायला सांगितलं. तो "हो काका" म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून तशीच चालवायला लागला. ऑफिस, बाजार, ग्रँड युनियन कालव्याच्या काठची वाट, शनिवारी विलन तळ्याच्या पॅगोड्यापर्यंत, पुढेपुढे तर वोबर्नपर्यंत. दर भेटीत बुवा विचारत, "पंक्चर?" तो म्हणे, "नाही काका." उन्हाळाभर हे चाललं. बुवांचा उत्साह आठवड्या-आठवड्यानं खचत गेला. मुलगा एकच गोष्ट नेमानं करत होता: दर रविवारी हवा भरत होता. ट्यूबमधली हवा आपोआप थोडी थोडी कमी होतच असते, आणि कमी हवेच्या टायरवर खड्ड्याची कड आपटली की ट्यूब रिममध्ये चेंगरून सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. आलेल्या टायरविषयीच्या निम्म्या तक्रारी खरं म्हणजे हवेविषयी असतात असं माझं मत आहे. बुवांना ते मान्य नाही.

मग सप्टेंबर आला. इंग्लंडमध्ये मार्च ते ऑगस्ट शेतकऱ्याला कुंपणाची झाडं छाटता येत नाहीत, पाखरांची घरटी असतात म्हणून. बंदी उठली की ट्रॅक्टरला पाती लावून सगळीकडे छाटणी सुरू होते, आणि हॉथॉर्नचे काटे गल्लीबोळांतून पसरतात. टणक, टोकदार काटे असतात हे. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी मुलगा आयव्हिंगहोच्या टेकड्यांकडून परतत होता. आधी काटा भेटला. ते पंक्चर त्यानं स्वतः ट्यूब बदलून निस्तरलं. थोड्या अंतरावर चकमकीचा दगड भेटला. चिल्टर्नच्या त्या खडूच्या टेकड्यांत तो मुबलक, पावसानं रस्त्यावर वाहून येतो आणि त्याची कड पात्यासारखी कापते. मागच्या टायरला नखाएवढी चीर, आतली ट्यूब बाहेर. अंधार, पाऊस, जवळ दुसरी ट्यूब नाही. त्यानं बुवांना फोन केला.

बुवांच्या आयुष्यात इतक्या दिवसांनी आलेला हा क्षण. 'सांगितलं होतं' हे दोन शब्द म्हणायचा त्यांना पूर्ण अधिकार होता. त्यांनी विचारलं, "कुठे आहेस? दिव्याखाली उभा राहा." आणि गाडी काढली. सोबत मी होते, कारण मी त्यांच्याकडे डबा परत द्यायला गेले होते आणि वहिनी म्हणाल्या, "यांना रात्रीचं नीट दिसत नाही, तू बस बरोबर."

कपाळाला दिवा बांधून बुवा ओल्या गवतावर उकिडवे बसले. टायर सोडवला. कापसाचा बोळा आतून गोल फिरवला. काट्याचं मोडकं टोक अजून आत असलं तर त्यावर कापूस अडकतो, डोळ्यांना दिसत नाही ते असं सापडतं. सापडलं. ट्यूब घासली, सोल्यूशन लावलं, ते वाळेपर्यंत छत्रीखाली धरून थांबले. पॅच दाबला. मग चीर पाहिली. मुलगा म्हणाला, "काका, तिथे आतून पाच पौंडांची नोट घडी घालून लावतात म्हणे. प्लास्टिकची असते ना." खरं आहे, 2016 पासून ही नोट प्लास्टिकची आहे आणि इथले सायकलवाले अडीअडचणीला ती लावतात. बुवांच्या डोळ्यांत मी प्रथमच राग पाहिला. "टायरात पैसे घालतात का?"

त्यांनी पिशवीतून रबराचा एक काळा तुकडा काढला. वीतभर, कडा तासून पातळ केलेल्या, तार काढून टाकलेली. गोड्या मसाल्याचा वास येत होता. तो त्यांनी चिरेमागे आतून बसवला, ट्यूब घातली, टायर चढवला, अर्थात समोरची बाजू आत दाबून. हवा भरली.

मुलानं विचारलं, "आता टायर बदलूनच टाकू का?"

बुवांनी चाक फिरवलं. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात टायर नीट पाहिला. मध्यभाग जरासा सपाट झालेला, कडा शाबूत, धागा कुठे दिसत नाही. "कशाला?" ते म्हणाले. "याच्यात अजून पुष्कळ जीव आहे. फक्त हा कधी पुढे घालू नकोस. चिरलेला टायर पुढच्या चाकाला कधी लावायचा नाही. पुढचा फुटला तर माणूस पडतो. हा राहू दे मागेच, हिवाळा काढेल."

गाडीत परत येताना ते बोलले नाहीत. खुशीत होते. झिजलेल्या टायरचं काय करायचं ते त्यांना लहानपणापासून माहीत आहे. नव्या टायरचं काय करायचं तेवढंच कुणी शिकवलेलं नाही.

बुवांची स्वतःची सायकल नव्या टायरांवर आता कधीकधी ऑफिसला जाते. सध्या ती शेडमध्ये आहे. सीट काढलेली आहे. कंपनीनं दिलेली सीट, बुवा म्हणतात, सगळ्यांनीच बदलावी.

राहता राहिला प्रश्न की नव्या सायकलीचे आलेले टायर बदलावेत का. रोज पहाटे-अंधारात, काट्यांच्या कुंपणांच्या वाटेनं कामावर जायचं असेल आणि वाटेत थांबणं परवडणार नसेल, तर पहिल्या दिवशीच बदला आणि पट्ट्याचे घ्या. बाकी सगळ्यांनी आधी ते झिजवा. दर आठवड्याला हवा बघा, कडेवरचे दोन आकडे कुठेतरी लिहून ठेवा, मधला भाग सपाट झाला किंवा धागे दिसायला लागले की बदला. लागोपाठ पंक्चर होत असतील तर बदलायच्या आधी आतून कापूस फिरवून पाहा, जुनाच काटा असेल.

आणि तुमच्या गावातल्या टायरबुवांचा नंबर जवळ ठेवा. पंक्चर झालं तर बेलाशक फोन करा, कितीही वाजलेले असोत, ते येतात. फक्त नव्या सायकलीचा फोटो त्यांना पाठवू नका.